तीनशेच्या पुढे वजा सहा

मी, आदिनाथ शिवप्पा तोडकरी, वय वर्षे ५९, पाटबंधारे खात्यातून अनुरेखक म्हणून सेवानिवृत्त, राहणार नांदेड, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, तर माझ्या मर्जीने लिहून ठेवतो. प्रकृती बरी आहे. शुद्धीत आहे. मात्र गेले चार महिने डोके एका गोष्टीपाशी अडलेले आहे आणि त्या बाबतीत मी गोंधळलेला आहे.

वकीलसाहेब म्हणाले, "तोडकरी, 'गोंधळलेला' हा शब्द मृत्युपत्रात घालू नका. उद्या कोणी कोर्टात गेलं तर तेवढाच धरून बसेल." म्हणून स्पष्ट करतो. घर, ठेव आणि गावचा प्लॉट यांच्याबाबत माझा काहीही गोंधळ नाही. गोंधळ फक्त कलम ४ मधल्या यंत्राचा आहे.

कलम १. नांदेड येथील राहते घर माझ्यामागे माझी पत्नी पंचफुला हिच्या मालकीचे होईल आणि तिच्यामागे मुलगी शिल्पा हिचे. मागच्या खोलीत यंत्र आहे. त्या खोलीचे काय करायचे ते पंचफुलाने ठरवावे. तिला तिथे मिरच्या वाळवायच्या आहेत, असे ती सात वर्षे सांगत आहे.

कलम २. बँकेतील ठेव आणि माझ्यामागे जे काही मिळेल ते सर्व पंचफुलाचे. यात लिहिण्यासारखे आणखी काही नाही.

कलम ३. औसा तालुक्यातील आमच्या गावी पुनर्वसनात मिळालेला प्लॉट आणि त्यावरील दोन खोल्या शिल्पाच्या नावे करतो. हा प्लॉट माझी आई शिवम्मा हिच्या नावे मिळाला होता. त्याबद्दल थोडे लिहिणे भाग आहे, कारण पुढच्या कलमांना ते लागेल.

माझे वडील शिवप्पा गवंडी होते. दगडमातीच्या भिंती बांधण्यात हयात गेली आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात त्यांनीच बांधलेली भिंत त्यांच्यावर पडली. आई अंगणात झोपली होती म्हणून वाचली. मी तेव्हा नोकरीमुळे नांदेडला, इतवाऱ्यात भाड्याच्या खोलीत होतो. शेजारच्या खोलीत मकबूल राहायचा. टाइपरायटर दुरुस्त करायचा. बातमी आली तेव्हा त्याने दुकानाचे कुलूप लावले आणि माझ्याबरोबर निघाला. मी त्याला चल म्हटले नव्हते. आमची तेव्हा ओळख म्हणजे नळाला पाणी आले की एकमेकांना हाक मारायची, एवढीच होती.

त्याने आठ दिवस माझ्याबरोबर दगड उचलले. वडिलांची हत्यारे त्यालाच सापडली. थापी, ओळंबा आणि पोलादी टेप. टेपची डबी चेपली होती आणि पट्टी सुरुवातीपासून एक फुटावर तुटून दोन तुकडे झाले होते. त्याने ते रुमालात बांधून नेले. पंधरा दिवसांनी जोडून आणून दिले. दोन बारीक रिव्हिटा मारलेल्या आणि जोडावर काळी चिकटपट्टी घट्ट गुंडाळलेली. म्हणाला, "भाई, जुड गया. अब्बा का माप चालू है."

टेप डबीत परत जात नसे. मी त्याचे वेटोळे करून, रबर लावून, पेटीत ठेवला. पुढे पंचवीस वर्षे तो पेटीतच होता.

कलम ४. यंत्राचे वर्णन. लाकूड, प्लाय व अॅक्रिलिक कोरणारे, संगणकावर चालणारे, घरी बनवलेले यंत्र. यास सीएनसी राउटर म्हणतात. संगणकात माप आणि नक्षी भरली की कोरणारे पाते स्वतः पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि खाली-वर फिरते. टेबलाची लांबी १२२६ मिलिमीटर, रुंदी ८४६ मिलिमीटर. एक नग.

यातला एकही भाग नवा नाही. सांगाडा भूकंपानंतर आम्हाला राहायला मिळालेल्या पत्र्याच्या शेडच्या लोखंडी अँगलचा आहे. पक्के घर मिळाल्यावर शेड मोडले, ते अँगल मी टाकून दिले नव्हते. मोटारी, पट्टे आणि ज्यावरून यंत्र सरकते ते गुळगुळीत दांडे झेरॉक्स मशिनींचे. टाइपरायटर गेल्यावर मकबूल झेरॉक्स दुरुस्त करू लागला होता आणि लातूरच्या क्लासेसमध्ये नोट्स काढून काढून झेरॉक्स मशिनी दोन वर्षांत खलास व्हायच्या. तो दर महिन्याला लातूरहून एसटीच्या टपावर एक मेलेली मशीन टाकून आणायचा आणि म्हणायचा, "लाखभर पोरांचं फिजिक्स पाठ आहे हिला. अपना काम तो चुटकी में करेगी." संगणक बंद पडलेल्या इंटरनेट कॅफेतला. टेबलाचे प्लाय एका क्लासच्या मोडलेल्या पार्टिशनचे. त्याच्या मागच्या बाजूला अजूनही 'शांतता राखा' असे आहे.

बाजारात प्लायची शीट चार फूट म्हणजे १२२० ची येते. आमची १२२६ कशी, हे मी मकबूलला विचारले होते. तो म्हणाला, "पुराना माल है भाई. पहले के लोग हाथ खोल के काटते थे."

कलम ५. हे यंत्र अर्धे माझे आहे. वकीलसाहेब म्हणाले, तुमचा अर्धा हिस्सा लिहा. कोणता अर्धा ते मला सांगता येत नाही. अँगल माझे, मोटारी त्याच्या. आराखडा माझा, वायरिंग त्याचे. खोली माझी, येणारा-जाणारा तो. मापे मी घ्यायची, कागदावर काढायची आणि मकबूलने ती संगणकात भरायची. त्यासाठी त्याची मुलगी लुबना हिने एक छोटा प्रोग्रॅम लिहून दिला होता. लुबना आता वडिलांचे दुकान चालवते. मकबूल १९ ऑगस्ट २०२४ रोजी दुकानात, स्टुलावर बसल्या जागी गेला. त्याची पत्नी अख्तरीभाभी यांनी मला निरोप पाठवला तेव्हा मी त्याचीच वाट पाहत चहा झाकून ठेवला होता.

लुबनाला मी हिश्श्याबद्दल विचारले. ती म्हणाली, "काका, अब्बा आणि तुम्ही कधी वाटणी केली नाही. आता मी कशी करू?"

कलम ६. टेपबाबत. आमच्या घराण्यात रीत आहे की कोणत्याही कामाचे पहिले माप घरातल्या वडिलधाऱ्याच्या मापाने घ्यायचे. माझे वडील आजोबांच्या लाकडी गजाने घ्यायचे. २०१८ साली यंत्राचे काम सुरू झाले तेव्हा मी पेटीतून वडिलांचा टेप काढला आणि टेबलाचे पहिले माप त्याने घेतले. नंतर सगळीच मापे त्याने घेऊ लागलो. हात बसला होता. ऑफिसची फूटपट्टीही होती, पण ती एका फुटाची. लहान नेमप्लेटी मी तिने पडताळायचो, बरोबर यायच्या.

त्या वेळी मकबूल टेप हातात घेऊन बराच वेळ उभा राहिला होता. मग म्हणाला, "भाई, एक नया टेप ले लेंगे क्या?" मला राग आला. मी त्याच्याशी दोन दिवस बोललो नाही. तिसऱ्या दिवशी आला तेव्हा त्याने टेपचे नाव काढले नाही, पुढेही कधी काढले नाही.

कलम ७. हे कलम माझ्या गोंधळाचे आहे.

शिल्पा आणि जावई लातूरला अभ्यासिका चालवतात. जळकोटच्या, उदगीरच्या, पार किनवटकडच्या इस्लापूरच्या मुली तिथे दिवसभर बसून डॉक्टरकीच्या परीक्षेचा अभ्यास करतात. खिडक्यांना जाळी हवी होती. शिल्पा म्हणाली, "अप्पा, तुमच्या मशीनला काम देते. पण क्लास सुरू व्हायच्या आत पाहिजे." मी लातूरला जाऊन आठ खिडक्या मोजल्या. प्रत्येकीची रुंदी ९०६. मकबूलने दोन जाळ्या कापल्या. मी टेप लावला, ९०६. लातूरला नेल्या, खिडकीत अशा बसल्या की खिळा मारायच्या आधीच जागेवर राहिल्या. त्यानंतर अकराव्या दिवशी तो गेला.

त्याचा चाळिसावा दिवस झाल्यावर उरलेल्या सहा जाळ्या कापायला मी एकटा बसलो. लुबनाच्या प्रोग्रॅममध्ये मी आधी कधी शिरलो नव्हतो. आत एक ओळ दिसली. तिचा अर्थ असा होता की माप तीनशे मिलिमीटरपेक्षा मोठे असेल तर त्यातून सहा वजा करा. मला वाटले, ही चूक राहून गेली आहे. मी ती पुसली आणि सहाही जाळ्या कापल्या. टेप लावला. ९१२. लातूरला नेल्या. एकही बसली नाही. जावई म्हणाले, "अप्पा, मकबूलचाचांबरोबर मशीनबी गेली असं समजा. भंगारवाला पाठवू का?"

मी ती ओळ परत घातली. एक फळी कापून पाहिली. ९०६. पुन्हा पुसली. ९१२. मी ३३ वर्षे नकाशे काढले आहेत. यंत्र चुकते तेव्हा सुरुवातीपासून चुकते किंवा लांबीप्रमाणे वाढत चुकते. तीनशेपर्यंत अचूक आणि पुढे कितीही गेले तरी बरोबर सहा, अशी चूक मी पाहिलेली नाही. मी स्क्रू घट्ट केले. पट्टा बदलला. दांडे उलटे लावले. फरक पडला नाही.

शेवटी लुबनाला विचारले. ती म्हणाली, "ती ओळ अब्बांनीच घालायला लावली, काका. मी विचारलं का, तर म्हणाले, डाल दे, पूछ मत. आणि चाचा को मत बताना."

म्हणजे आमच्या यंत्रात दोष होता आणि तो मकबूलला माहीत होता. त्याने तो दुरुस्त केला नाही, झाकला. मला सांगितले नाही आणि सांगू नये अशी मुलीला ताकीद दिली. ज्या माणसाने न बोलावता माझ्याबरोबर माझ्या बापाच्या घराचे दगड उपसले, त्याने सहा वर्षे मला एका खोलीत बसून फसवले. का, ते विचारायला तो नाही. मी कबरस्तानाच्या दारापर्यंत दोनदा गेलो आणि परत आलो. रागावून जायचे की कसे, ते ठरले नाही.

कलम ८. सबब, हे यंत्र कोणालाही देऊ नये. ज्याचे खोटे कुठे आहे ते मला शोधता आले नाही, ते दुसऱ्याच्या गळ्यात मारणे योग्य नाही. माझ्यामागे ते मोडावे. अँगल गावच्या प्लॉटवर नेऊन टाकावेत. मोटारी आणि दांडे लुबनाच्या दुकानात द्यावेत, तिला सुटे भाग म्हणून उपयोगी पडतील. प्लाय जाळावे.

पंचफुलाने हे वाचून विचारले, "आन् तुमचा राग कुणाच्या नावानं करून ठिवणार?"

कलम ९. खालील किरकोळ गोष्टी मी मनातून काढून टाकत आहे. माझ्या गोपनीय अहवालात 'कामात संथ' असे लिहिणाऱ्या साहेबांवरचा राग. माझी घडीची शिडी नेऊन परत न करणाऱ्या मेहुण्यावरचा राग, शिडी त्याच्याकडेच राहावी. मकबूलवरचा राग मला या यादीत घालता आला नाही.

साक्षीदार म्हणून आमच्या गल्लीतील शेषेराव, व्यवसाय फर्निचर, आणि लुबना मकबूल हे सह्या करतील. लुबनाला या मृत्युपत्राने विशेष काही मिळत नाही, त्यामुळे तिची सही चालेल, असे वकीलसाहेबांनी सांगितले आहे.

(येथपर्यंत दिनांक २ फेब्रुवारी २०२५ रोजी लिहिले. यापुढचे ९ फेब्रुवारीस लिहिले आहे. आधीची कलमे मी फाडलेली नाहीत. ज्याला वाचायचे त्याने क्रमाने वाचावे.)

कलम १०. दिनांक ८ रोजी सकाळी शेषेराव सही करायला आले. न वाचता सही करणारा माणूस नव्हे. कलम ४ पाशी थांबले.

"साहेब, हे १२२६ कुठून आनलं?"

"मोजलंय मी."

"चार फुटाची शीट हाय ना? मग १२२० पाहिजे. तीस वर्सं प्लाय कापून राहिलो, १२२६ ची शीट म्या बघितली न्हाई."

"जुनी आहे. जुनी मोठी यायची."

"कोन म्हनलं?"

"मकबूल."

शेषेराव हसले. "मकबूलभाईनं तुमची गंमत केली, साहेब. चला, दावा."

मागच्या खोलीत त्यांनी कमरेचा टेप काढून टेबलावर धरला. १२२०. मी माझा धरला. १२२६. त्यांनी दोन्ही टेप शेजारी-शेजारी ताणले आणि बोटाने सरकत गेले. दहा, वीस, तीस, सगळे आकडे जोडीने. काळ्या पट्टीच्या पुढे माझा एकतीस त्यांच्या एकतिसाच्या अलीकडे आला होता. तिथून पुढे शेवटपर्यंत तेवढाच अलीकडे.

"तुमची टेप खोटं बोलून राहिली," ते म्हणाले.

"तो माझ्या वडिलांचा आहे."

"असंल की. म्या वडिलांला काय म्हनलो का?" त्यांनी मला विचारून काळी पट्टी सोडली. एकतीस वर्षांची, तिचे तुकडे झाले. आत पट्टीचे एक टोक दुसऱ्यावर चढवलेले होते. "हे बघा. एकावर एक चढवल्याबिगर रिव्हिट बसंल कशी? चढवलं तेवढं माप गेलं. बरोबर सहा मिली."

मी अनुरेखक. मिलिमीटरच्या रेघा मारण्यात माझी नोकरी गेली. जोडलेली पट्टी आखूड होणारच, हे माझ्या एकदाही लक्षात आले नाही. कारण ती जोडलेली आहे असे मी कधी मानलेच नव्हते. मी तिला भूकंपातून वाचलेली मानत होतो.

मग सगळे उलगडत गेले. खिडकी खरी ९००. माझ्या टेपने ९०६. मकबूल गुपचूप सहा वजा करून ९०० ची जाळी कापायचा. मी तिला माझाच टेप लावायचो, तो ९०६ सांगायचा आणि मी म्हणायचो, बघ, अचूक. तो म्हणायचा, "तुम मापते ही अच्छा हो, भाई." यंत्र खोटे नव्हते. यंत्राला त्याने माझ्या बापाच्या टेपपुरते खोटे बोलायला शिकवले होते.

पंचफुला दारात उभी होती. म्हणाली, "त्यांनीच जोडलं, त्यांनीच निस्तरलं. तुम्ही आपले दोन दिवस अबोला धरून बसले."

टेप पेटीतच राहील असे समजून त्याने तो जोडला असावा. मी तो कामाला काढला, तेव्हा त्याने एकदाच विचारून पाहिले. मला अजूनही समजत नाही की त्याने सरळ का सांगितले नाही. मी काही लहान मूल नव्हतो. सांगितले असते तर मी काय केले असते, तेही समजत नाही. बहुधा यंत्राचे काम तिथेच थांबले असते.

काल दुपारी मी कबरस्तानात जाऊन आलो. टेप खिशात होता.

कलम ११. दुरुस्त्या.

कलम ४ मधील लांबी १२२६ ऐवजी १२२० आणि रुंदी ८४६ ऐवजी ८४० अशी वाचावी.

कलम ८ रद्द. यंत्र मोडू नये. ते संपूर्ण, माझ्या व मकबूलच्या दोन्ही हिश्श्यांसह, लुबनाचे आहे. पंचफुलाने मिरच्यांसाठी ती खोली ताबडतोब मागू नये, लुबनाला न्यायला सवड द्यावी.

कलम ९ मधील यादीत मकबूलचे नाव घालण्याची आता गरज नाही. त्याच्याशी माझे काय देणे-घेणे उरले ते मला मांडता येत नाही. ते मोकळे सोडतो.

चुकलेल्या सहा जाळ्या शेषेराव चारही कडांना रंधा मारून बसवून देणार आहेत. शिल्पाने त्या वापराव्यात. नव्या कापू नयेत.

ती ओळ, म्हणजे तीनशेच्या पुढे वजा सहा, मी जिवंत असेपर्यंत कोणी पुसू नये. मी असेपर्यंत पहिले माप वडिलांच्या टेपनेच घेतले जाईल आणि दोन्ही मिळून काम बरोबर होईल. माझ्या मृत्यूनंतर लुबनाने ती स्वतःच्या हाताने पुसावी आणि शेषेरावांकडून चांगला नवा टेप घ्यावा. तिच्या कामात आमच्या दोघांची चूक पुढे जाऊ नये.

कलम १२. आम्हा लिंगायतांत बसवून पुरतात. खड्डा खणणाऱ्यांना पहिले माप वडिलांच्या टेपने घेऊन द्यावे. खड्डा सहा मिलिमीटर आखूड भरेल. तिथे वजा करायला कोणी नसेल, पण एवढ्याने अडणार नाही. माप झाल्यावर टेपच्या जोडावर नवी काळी पट्टी गुंडाळून तो शिल्पाकडे द्यावा. तिने तो पेटीत ठेवावा, वापरू नये आणि कोणी विचारले तर कोणी जोडला ते सांगावे.

वरील सर्व मी वाचून पाहिले, ते माझ्या मनाप्रमाणे आहे. सुरुवातीला लिहिलेला 'गोंधळलेला' हा शब्द वकीलसाहेबांनी पुन्हा खोडायला सांगितला. तो राहू दिला आहे.

स्थळ : नांदेड
दिनांक : ९ फेब्रुवारी २०२५

लिहून ठेवणार : (सही) आदिनाथ शिवप्पा तोडकरी

साक्षीदार
१. (सही) शेषेराव, फर्निचर काम, नांदेड. यंत्राचे टेबल मी माझ्या टेपने मोजले, १२२० बरोबर आहे.
२. लुबना मकबूल : हे नाव खोडले आहे. आता तिला मिळणार असल्यामुळे तिची सही चालत नाही. खाडाखोड मान्य. (सही) आ. शि. तोडकरी
३. (सही) सिद्रामप्पा, सेवानिवृत्त, पाटबंधारे खाते, नांदेड. यंत्राबद्दल मला माहिती नाही. तोडकरी शुद्धीत आहेत.